दुसरा वार : जखमी सावजाचे ऋण



आजचा विषय ऐकून काही जणांच्या भुवया उंचावल्या असतील. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाने शिकारीवर काय बोलायचं? त्यातून आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार हा प्रकार जवळजवळ संपलाच. मग आता या जुन्या गोष्टी उकरून काढण्यात मतलब काय?

आधी एक खुलासा करतो. शिकार चांगली की वाईट, हा आज आपला प्रश्न नाही. त्याच्यावर भरपूर बोललं गेलंय. आपला प्रश्न त्याच्या एक पायरी खालचा आहे. बाण सुटला, गोळी सुटली, जनावराला लागली, पण ते मेलं नाही. रक्त सांडत ते झाडीत शिरलं. आता पुढे काय? ज्याने गोळी झाडली त्याच्यावर कसली जबाबदारी येते का? येत असेल तर ती कुणाविषयी? त्या जनावराविषयी, बरोबरच्या माणसांविषयी, की शेजारच्या गावाविषयी?

जगातल्या बहुतेक शिकारी परंपरांनी या प्रश्नाचं उत्तर एकच दिलेलं दिसतं. जखमी सावज तसंच सोडून जायचं नाही; माग काढायचा आणि त्याला संपवायचं. नियम एकच आहे, पण त्याच्यामागची कारणं काळाप्रमाणे बदलत गेली. आज आपण त्या कारणांचा इतिहास पाहणार आहोत.

सगळ्यात जुनं कारण दयेचं नाही, मालकीचं आहे. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात, मूल कुणाचं या चर्चेत, दाखल्यासाठी दोन लोकव्यवहार सांगितले आहेत. ज्याने रान तोडून जमीन मोकळी केली त्याचं शेत, आणि ज्याचा बाण आधी रुतला त्याचं हरीण. दाखला नेहमी सर्वांना मान्य असलेल्या गोष्टीचा देतात. म्हणजे पहिल्या जखमेने हक्क तयार होतो, ही गोष्ट त्या काळी कुणाला पटवून द्यावी लागत नव्हती. किरातार्जुनाची कथा आपल्या सर्वांना ठाऊक आहे. एका रानडुकराला दोन बाण लागले, एक अर्जुनाचा आणि एक किराताच्या वेषातल्या शंकराचा. डुक्कर कुणाचं, यावरून युद्ध जुंपलं. देवाधिदेवालासुद्धा शिकारीच्या या कायद्यातून सुटका नव्हती!

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. या हक्कात जनावराच्या वेदनेला जागाच नाही. माग काढायचा तो आपला माल दुसऱ्याच्या हाती जाऊ नये म्हणून.

पण आपल्याच परंपरेत दुसराही एक सूर आहे, आणि तो वाल्मीकींच्या रामायणात फार विलक्षण रीतीने येतो. अयोध्याकांडात दशरथ मरणाच्या आदल्या घटकेला आपल्या तरुणपणीची गोष्ट कौसल्येला सांगतो. शरयूच्या काठी अंधारात त्याने आवाजाच्या रोखाने बाण सोडला. घडा भरण्याचा आवाज त्याला हत्तीचा वाटला. बाण लागला तो एका तपस्वी मुलाला. इथपर्यंतची गोष्ट आपल्याला लहानपणापासून ठाऊक असते. पुढचा भाग आपण सहसा सांगत नाही. तो मुलगा लगेच मरत नाही. बाण मर्मी रुतलेला आहे, वेदना सोसवत नाही, आणि तो राजाला विनवतो की हा बाण उपटून काढ. दशरथापुढे पेच पडतो. बाण ठेवला तर मुलगा तळमळतो. काढला तर तत्काळ मरतो. म्हणजे बाण काढणं हा दुसरा वारच आहे. राजा घुटमळतो. मुलगा स्वतःच त्याला धीर देतो, मी ब्राह्मण नाही, तुला ब्रह्महत्येचं पाप लागणार नाही, असं सांगतो. मग राजा बाण उपटतो आणि मुलगा प्राण सोडतो.

इथे जखमी झालेला माणूस आहे, जनावर नव्हे, हे खरं. पण घडतंय ते शिकारीच्या चौकटीत, आणि ज्या पेचाविषयी आज आपण बोलतोय तो सगळाच्या सगळा इथे हजर आहे. पहिला बाण चुकीने सुटला. दुसरी कृती मात्र डोळे उघडे ठेवून करावी लागते. ती टाळता येत नाही, कारण पहिली आपली आहे. फरक एवढाच की मुलगा बोलू शकतो, काय हवं ते सांगू शकतो. हरणाला ते सांगता येत नाही. हा फरक किती मोठा आहे, ते आपण पुढे पाहू.

आता इस्लामी परंपरेकडे वळू, कारण हिंदुस्थानातल्या शिकारीच्या रीतींवर तिचा फार खोल ठसा आहे. कुराणाच्या पाचव्या सूऱ्यात शिकवलेल्या शिकारी जनावरांनी पकडलेलं सावज खाण्याला परवानगी आहे, ईश्वराचं नाव घेण्याच्या अटीवर. त्यावर धर्मशास्त्र्यांनी बारकाईने विचार केला. सावज हाती येईपर्यंत मेलं असेल तर गोष्ट वेगळी. पण जिवंत सापडलं तर त्याचा रीतसर जबह व्हायला पाहिजे. आणि जबह करताना सुरी धारदार असावी, जनावराला विनाकारण त्रास होऊ नये, असं हदीसमध्ये आहे. याचा व्यावहारिक परिणाम काय झाला? गोळी लागून पडलेल्या चितळाकडे किंवा काळविटाकडे कुणीतरी सुरी घेऊन धावत जायचं, हा प्रघात पडला. शिकारीच्या जुन्या आठवणींमध्ये हे दृश्य पुन्हा पुन्हा येतं. साहेब मचाणावरून उतरायच्या आत बरोबरचा मुसलमान शिकारी जनावराच्या मानेशी पोचलेला असतो. वरवर पाहिलं तर ही घाई मांस हलाल व्हावं म्हणून आहे. पण तिच्यामुळे जनावराचा शेवट लवकर होतो, हेही तितकंच खरं. एका नियमातून दुसरा हेतू कसा साधला जातो, याचं हे चांगलं उदाहरण आहे.

मोगल दरबाराची शिकार तर अफाट. जहांगीर बादशहाने आपल्या आत्मचरित्रात हिशोबच दिलाय. वयाच्या बाराव्या वर्षापासून पन्नाशीपर्यंत त्याच्या समक्ष २८,५३२ जनावरं मारली गेली, त्यांपैकी १७,१६७ त्याने स्वतःच्या हाताने मारली. त्याच बादशहाच्या राज्यातली १६१० सालची एक घटना आहे. सिंह घायाळ झाला आणि थेट माणसांवर आला. सगळ्यांची पळापळ झाली. त्या गडबडीत काही जण खुद्द बादशहालाच तुडवत गेले, असं तोच लिहितो! अनूप राय नावाचा सेवक पुढे झाला. त्याचे दोन्ही हात सिंहाच्या जबड्यात गेले तरी तो हटला नाही. शहजादा खुर्रम, म्हणजे पुढचा शहाजहान, तलवार घेऊन धावला. अनूप रायाला पुढे ‘अनीराय सिंहदलन’ असा किताब मिळाला.

आता या गोष्टीकडे जरा वेगळ्या बाजूने पाहू. गोळी झाडली बादशहाने. हात चावले गेले अनूप रायाचे. पहिला वार एकाचा आणि त्याची किंमत दुसऱ्याने मोजायची, हे सूत्र इथे स्पष्ट दिसतं. अनूप रायाला निदान किताब मिळाला, चित्रकारांनी त्याला अमर केलं. ज्यांना यातलं काहीच मिळालं नाही, त्यांच्याकडे आता येऊ.

एकोणिसाव्या शतकात इंग्रज अधिकारी आपल्या रानांत शिकारीला येऊ लागले. सातपुड्याच्या रानांविषयी कॅप्टन जेम्स फोर्सिथने लिहिलेलं पुस्तक १८७१ साली निघालं. त्यानंतर या विषयावर पुस्तकांची रीघ लागली. ही पुस्तकं आज वाचताना वैताग येतो, आकडे वाचून मळमळतं. पण त्यांत एक प्रकरण जवळजवळ हमखास असतं, ते म्हणजे घायाळ वाघाच्या मागे कसं जायचं. सगळी जोखीम तिथेच असल्यामुळे लेखक तिथे थापा मारत नाहीत. त्या नियमांचा सारांश असा सांगता येईल.

पहिला नियम, घाई करायची नाही. गोळी लागलेलं जनावर, विशेषतः पोटात लागलेलं, लगेच पाठलाग केला तर भीतीच्या जोरावर कोसभर जातं. तेच थोडा वेळ स्वस्थ राहू दिलं तर जवळपास कुठेतरी बसतं, अंग आखडतं आणि कित्येकदा तिथेच मरतं. म्हणून अर्धा तास, कधी तास, कधी त्याहून जास्त थांबायचं. ऐकायला हे निर्दयपणाचं वाटतं. पण घाईने केलेला पाठलाग म्हणजे त्याच्या यातना लांबवणं. दयेलासुद्धा घड्याळ लागतं, असं म्हणा हवं तर.

दुसरा नियम, रक्त वाचायला शिकायचं. फेसाळ, लालभडक रक्त फुप्फुसाचं. जनावर फार लांब जात नाही. काळपट रक्त यकृताचं. रक्तात चाऱ्याचा चोथा, हिरवट पाणी दिसलं तर गोळी पोटात बसली; तिथे थांबावंच लागतं. रक्त पानाच्या वरच्या बाजूला आहे की खालच्या, जमिनीपासून किती उंचीवर आहे, यावरून जखम कुठे असेल ते कळतं. ही विद्या साहेबाला कुणी शिकवली? मेळघाटातल्या कोरकूंनी, मध्य प्रांतातल्या गोंड आणि बैगा मागकाढ्यांनी. पुस्तकांवर नाव साहेबाचं आहे, पण त्यातली अक्षरं या लोकांची आहेत.

तिसरा नियम, वाघ किंवा बिबट्या असेल तर दाट गवतात पायी शिरायचं नाही. मागकाढ्याला झाडावर चढवून पुढचं रान बघायला लावायचं. झुडपांत दगड टाकायचे. गावातल्या म्हशींचा कळप मिळाला तर तो पुढे घालायचा. म्हशींना वाघाचा वास लागला की त्या फुरफुरतात, एकजूट करतात आणि वाघ कुठे आहे ते उघड होतं. माग काढणाऱ्याने जमिनीकडे बघायचं, बंदूकवाल्याने फक्त समोर आणि दोन्ही बाजूंना. दोन्ही कामं एकाच माणसाने करायची नाहीत, कारण तो दोन्हीत चुकतो.

चौथा नियम, पडलेलं जनावर मेलं असं धरून चालायचं नाही. गोळी पाठीच्या कण्याला चाटून गेली तर जनावर धाडकन कोसळतं, मेल्यासारखं पडतं आणि काही मिनिटांनी उठून उभं राहतं. म्हणून बंदूक भरलेली ठेवून मागच्या बाजूने जायचं. सांबर असेल तर शिंगं आणि खूर, डुक्कर असेल तर सुळे, यांच्या टप्प्यात यायचं नाही. लांब काठीने डोळ्याला स्पर्श करायचा. पापणी हलली तर जीव आहे. आणि जीव असेल तर क्षणाचाही विलंब न लावता शेवटची गोळी, मानेत किंवा छातीत, जवळून आणि नेमकी.

इथे एक कुरूप गोष्ट सांगितली पाहिजे. डोक्यात गोळी घातली तर कवटी फुटते, शिंगांची जोडी दिवाणखान्यात लावता येत नाही. जास्त गोळ्या घातल्या तर कातड्याला भोकं पडतात. म्हणून काही बहाद्दर दुसरी गोळी झाडायला कां कू करत. भिंतीवरच्या शोभेसाठी जनावराला तडफडत ठेवायचं! जाणते शिकारी यावर तुटून पडले आहेत. काडतूस वाचवू नका, कातडं वाचवू नका, आधी त्याला संपवा, असं त्यांचं सांगणं. एखाद्या समाजाला आपल्याच नियमाची अशी वारंवार आठवण करून द्यावी लागते, तेव्हा तो नियम नेहमी मोडला जात होता असं समजायला हरकत नाही.

आणखी एक मुद्दा हत्याराचा. धनुष्याने मारायचं तर जवळ जावं लागतं. ठासणीच्या बंदुकीत एक बार झाला की धूर होतो आणि पुन्हा ठासायला वेळ लागतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मागून भरायच्या रायफली आल्या, पल्ला वाढला, बार भराभर होऊ लागले. वाटलं होतं की आता जनावर जागच्या जागी मरेल. पण पल्ला वाढला तसा लांबून बार टाकण्याचा मोहही वाढला. हात लांब झाला, पण नजर तेवढीच राहिली. नवं यंत्र आलं की त्याची शक्ती आपल्याला लगेच दिसते, त्याने वाढलेली जबाबदारी मात्र उशिरा दिसते. हे बंदुकीपुरतंच खरं आहे असं नाही.

आता जिम कॉर्बेटकडे येऊ. ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊं’ हे त्याचं पुस्तक १९४४ साली आलं. त्याच्या सुरुवातीलाच त्याने वाघ नरभक्षक का होतो याची मीमांसा केली आहे. वाघ स्वभावाने माणूसखाऊ नसतो. नेहमीचं भक्ष्य मारणं त्याला अशक्य होतं तेव्हा तो माणसाकडे वळतो. आणि ते अशक्य होण्याचं मोठं कारण म्हणजे जखम. ही जखम एक तर साळिंदराच्या काट्यांची असते, नाहीतर कुणीतरी बेपर्वाईने झाडलेल्या आणि पुढे माग न काढलेल्या गोळीची.

चंपावतची वाघीण घ्या. कॉर्बेटने तिला १९०७ साली मारलं. तोवर नेपाळ आणि कुमाऊं मिळून ४३६ माणसं तिच्या नावावर होती. मेल्यावर तिचं तोंड पाहिलं तर उजव्या बाजूचे वरचे आणि खालचे दोन्ही सुळे मोडलेले. वरचा अर्धा, खालचा पार हाडापर्यंत. जुन्या गोळीची जखम. कुणीतरी, कधीतरी, एक बार टाकला होता. तो कोण, कुठला, ते इतिहासाला ठाऊक नाही. गोळी तोंडावर बसली, वाघीण निसटली, आणि तो इसम बहुधा घरी जाऊन जेवला असेल. त्याच्या त्या अर्धवट राहिलेल्या कामाची किंमत गवत कापायला, पाला आणायला, सरपण गोळा करायला रानात गेलेल्या बायाबापड्यांनी मोजली.

त्या वाघिणीचा शेवटसुद्धा या विषयाला धरूनच झाला. कॉर्बेटजवळ तीनच काडतुसं होती. ती संपली. वाघीण घायाळ, पण उभी. त्याच्या हातात रिकामी रायफल. तो धावत जाऊन तहसीलदाराची बंदूक घेऊन आला. ती इतकी जुनी की नळ्या आणि बूड यांच्यामध्ये फट पडलेली. तीच घेऊन तो पुन्हा जवळ गेला, बार काढला. नेम चुकला, गोळी पंज्याला लागली, पण वाघीण आधीच्या गोळ्यांनीच खचली होती, ती कोसळली. शौर्याची कथा म्हणून आपण ही सांगतो. आम्हाला त्यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे की घायाळ वाघीण मागे ठेवून परत फिरायचा पर्याय त्याच्यापुढे नव्हता. १९१० साली पनारच्या बिबट्याच्या बाबतीतही तेच झालं. रात्रीच्या अंधारात जखमी झालेल्या बिबट्यामागे तो चिडाच्या ढलप्यांच्या मशाली घेतलेल्या गावकऱ्यांबरोबर गेला. बिबट्या चालून आला तेव्हा मशाली टाकून लोक पळाले, आणि जमिनीवर पडलेल्या त्या मशालींच्या उजेडात त्याने शेवटची गोळी झाडली. सकाळपर्यंत थांबणं स्वतःसाठी सुरक्षित होतं. पण रात्रीतून तो निसटला असता तर?

म्हणजे बघा, मालकीपासून सुरू झालेला नियम इथे गावच्या सुरक्षिततेपाशी येऊन पोचला.

युरोपात हा नियम वेगळ्या वाटेने गेला. जर्मनीत जखमी सावजाचा शोध ही स्वतंत्र कला मानली गेली. हानोव्हरच्या शिकारखान्यात त्यासाठी कुत्र्यांची खास जात तयार झाली, आणि तिच्या जोपासनेसाठी १८९४ साली संस्था निघाली. हा कुत्रा पळून सावज पकडण्यासाठी नसतो. लांब दोरीला बांधलेला, मान खाली घालून, कित्येक तासांपूर्वीचा थंड पडलेला माग तो सावकाश काढत जातो. पूर्वी शेवट करण्यासाठी लांब सरळ पात्याचा सुरा असे, हल्ली बहुतेक वेळा गोळी. आज जर्मनीच्या शिकार कायद्यात स्वतंत्र कलम आहे. जबर जखमी जनावराला टाळता येण्याजोग्या वेदना होऊ नयेत म्हणून ते ताबडतोब मारलं पाहिजे. सावज सरहद्द ओलांडून शेजाऱ्याच्या रानात गेलं तर काय करायचं, याचेही नियम आहेत. आफ्रिकेतल्या काही देशांत परवान्याच्या शिकारीत रक्त दिसलं की जनावर हिशोबात धरलं जातं. सापडलं नाही तरी पैसे भरावे लागतात. मनुस्मृतीतला पहिल्या बाणाचा हक्क इथे पूर्ण उलटा होऊन उभा राहिला. पहिला बाण आता हक्क देत नाही, देणं लावतो.

आता आपण खरोखरच्या अवघड जागी आलो. जखमी जनावराला मारणं ही दया आहे, असं आपण म्हणतो. हे कशावरून?

१९२८ साली साबरमतीच्या आश्रमात एक वासरू असाध्य आजाराने तळमळत होतं. उपचार थकले. गांधीजींनी डॉक्टरांकरवी सुई देऊन त्याचा शेवट करवला. देशभर गहजब झाला. अहिंसेचा पुरस्कर्ता वासरू मारतो! गांधीजींनी त्यावर लिहून आपली भूमिका मांडली. वेदनेतून सोडवण्यासाठी, स्वार्थ न ठेवता, दुसरा उपाय नसताना घेतलेला जीव ही हिंसा नाही, असा तिचा आशय. विरोधकांत जैन मंडळी बरीच होती आणि त्यांचा आक्षेप उडवून लावण्यासारखा नव्हता. ते म्हणत, त्या जिवाला मरायचं आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं? प्रत्येक जीव शेवटच्या श्वासापर्यंत जगायला धडपडतो. त्याची वेदना तुम्हाला पाहवत नाही, म्हणून तुम्ही त्याला मारता. पांजरपोळात आजारी गुरांची मरेपर्यंत शुश्रूषा करतात, ती याच विचाराने.

रामायणातला मुलगा ‘बाण काढ’ म्हणाला. वासरू काही म्हणालं नाही. सांबरही म्हणत नाही. हा आक्षेप आम्ही पुष्कळ वर्षं मनात घोळवला आहे आणि त्याचं संपूर्ण खंडन करता येतं असं आम्हाला वाटत नाही. पण शिकारीच्या बाबतीत एक फरक पडतो. आश्रमातल्या वासराचा आजार गांधीजींनी दिलेला नव्हता. त्यांच्यापुढचा प्रश्न करुणेचा होता, आणि करुणा करावी की न करावी यावर मतभेद होऊ शकतो. शिकाऱ्याने सावजाला दिलेली जखम मात्र त्याची स्वतःची आहे. ती बरी करण्याची सोय रानात नाही. आतडं फाटलेलं हरीण चार दिवस सडत मरणार, त्याला किडे पडणार, कोल्हे-रानकुत्रे ते जिवंतपणी फाडणार. तिथे थांबून ‘याला मरायचं आहे की नाही ते मला कळत नाही’ असं म्हणणं हा विवेक नाही, पळवाट आहे. ते कळत नव्हतं तर पहिली गोळी कशी झाडली? म्हणून आम्ही या दुसऱ्या वाराला दया म्हणत नाही, ऋण म्हणतो. दया दाखवणारा मोठा ठरतो. ऋण फेडणाऱ्याने छाती फुगवायचं कारण नाही. आणि ऋण मुळात केलंच नाही तर उत्तम, हे तर उघडच आहे.

आपला कायदाही हे दोन्ही धागे धरून आहे. वाघाच्या शिकारीवर १९७० साली बंदी आली. १९७२ च्या गणनेत देशात फक्त १,८२७ वाघ उरल्याचं दिसलं. त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. पण त्या कायद्याच्या अकराव्या कलमात एक दार उघडं ठेवलंय. जनावर माणसाच्या जिवाला धोकादायक झालं असेल, किंवा पुन्हा बरं न होण्याइतकं जायबंदी वा रोगग्रस्त झालं असेल, तर राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक ते मारण्याची लेखी परवानगी देऊ शकतात. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यातही, ज्याला जिवंत ठेवणंच क्रूरपणाचं होईल अशा प्राण्याचा शेवट करण्याची तरतूद तेराव्या कलमात आहे. राजेमहाराजे गेले, साहेब गेले, मचाणं कुजून गेली. पण शिकाऱ्यांच्या रीतीतला दुसऱ्या वाराचा नियम कायद्याच्या भाषेत शिल्लक राहिला.

तरीही विषय संपत नाही, आणि म्हणूनच आम्ही तो आज इथे घेतला. आजचं जखमी जनावर मचाणाखाली पडलेलं नसतं. ते तारेच्या फासात पाय अडकून रानभर फिरत असतं. शेताच्या कडेला रानडुकरांसाठी लावलेली तार, त्यात बिबट्या अडकतो, कधी वाघ अडकतो. तो तार तोडून निसटतो आणि फास मांसात रुतत जातो. पिठाच्या गोळ्यात लपवलेला गावठी बॉम्ब डुकराचा जबडा उडवतो. २०२० च्या मे महिन्यात केरळमधली गाभण हत्तीण आपल्याला आठवत असेल. स्फोटकाने तोंड फाटलं होतं, काही खाता येत नव्हतं. ती नदीत उभी राहिली आणि तिथेच गेली. देश हळहळला. पण फासाला, बॉम्बला, कुंपणात सोडलेल्या विजेला दुसरा वार नसतो. ते लावणारा माणूस घरी झोपलेला असतो. जुन्या शिकाऱ्याला निदान रक्ताचा माग दिसत होता, आणि तो पाहिल्यावर मागे फिरायची लाज वाटत होती. आपण हत्यार आणि माणूस यांची फारकत केली आणि त्याबरोबर ती लाजही गेली.

शेतकऱ्याला दोष देऊन मोकळं होण्याचा आमचा हेतू नाही. एका रात्रीत डुकरांचा कळप भुईमुगाचं वावर उलथून जातो, तेव्हा त्याने कुणाच्या तोंडाकडे बघायचं? त्याला भरपाई वेळेवर मिळाली, पिकाला चांगलं कुंपण मिळालं, आणि जिथे मारण्यावाचून इलाज नाही तिथे हे काम परवान्याने, जाणत्या माणसाच्या हातून, शेवटपर्यंत जबाबदारी घेऊन झालं, तर फास लावायची वेळ येणार नाही. हे सगळं सोपं नाही. पण तारेचा फास सोपा आहे म्हणून तोच चालू ठेवायचा, हेही पटणारं नाही.

वाघ, सांबर, डुक्कर बाजूला ठेवले तरी मागे एक साधी गोष्ट उरते. आपण ज्याला जखम केली, ते नजरेआड झालं म्हणून संपत नाही. ते झाडीत कुठेतरी असतं. कुणीतरी त्याच्या मागावर जावं लागतं. ते काम ज्याचं आहे त्याने केलं नाही, तर ते गवत कापायला गेलेल्या बाईच्या वाट्याला येतं. चंपावतच्या वाघिणीच्या तोंडावर ज्याने पहिला बार टाकला, त्याचं नाव कुणालाच ठाऊक नाही. त्याने न केलेल्या कामाचा हिशोब मात्र ४३६ असा लिहून ठेवलेला आहे.